मंडईतील पिशवी आणि घरची टोपली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



संमेलनात बोलावयाचे तर शिक्षण, विवाह अथवा वसतिगृह यांपैकी एखादा विषय घ्यावा असा आपला प्रघात आहे. केरकचरा या व्यासपीठास शोभेल काय, अशी शंका एका स्नेह्यांनी बोलूनही दाखविली. परंतु ज्या ज्ञातीतील कित्येक कुटुंबांची चूल मंडईतील गाळ्यावर चालते, आणि उरलेले आपण सारे त्याच मंडईत पिशवी घेऊन, किंवा न घेता, बाजारास जातो, त्या ज्ञातीस हा विषय परका म्हणता यावयाचा नाही.

पुण्याच्या मंडईची इमारत १८८६ साली उभी राहिली. पुढे कित्येक दशके तेथे गिऱ्हाईक घरून कापडी पिशवी नेई आणि मिरची-कोथिंबीर वर्तमानपत्राच्या पुडीत येई. पॉलिथिनचा शोध १९३३ साली इंग्लंडमध्ये लागला. बंद असलेल्या आजच्या पिशवीचे एकस्व एका स्वीडिश अभियंत्याच्या कल्पनेवर १९६५ साली मिळाले. ती धुऊन पुन्हा पुन्हा वापरावी अशी त्या गृहस्थाची कल्पना होती असे म्हणतात. आपण तिचे काय केले ते आपणांस ठाऊकच आहे.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. शहर बुडण्याची कारणे अनेक होती. त्यांत पिशव्यांनी तुंबलेली गटारे हेही एक ठरले. पुढील वर्षी राज्याने ५० मायक्रॉनहून पातळ पिशवीस मनाई केली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पातळ पिशवी थांबली नाही, म्हणून मार्च २०१८ मध्ये पिशवीवरच सरसकट बंदी आली: पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,०००, तिसऱ्यास २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद.

हा दंड बहुधा कोणाच्या माथी बसतो? पाटी मांडून बसणाऱ्या बाईच्या. तिचे त्या दिवसाचे सारे भांडवल पाच हजारांचे नसते. ती पिशवी हौसेने ठेवीत नाही. 'पिशवी नाही' म्हटले की गिऱ्हाईक मेथीची जुडी खाली ठेवून शेजारच्या पाटीकडे वळते, आणि ते गिऱ्हाईक आपल्यापैकीच कोणी शिकलेसवरलेले, सायकल सोडून मोटारीतून येणारे असते. कायद्याने विक्रेत्यास धरले, तरी मागणारा हात आपला आहे.

आता पिशवी घरी आल्यावर तिचे काय होते ते पाहू. दुधाची पिशवी जाड असते; स्वच्छ असेल तर भंगारवाला ती वजनावर विकत घेतो. मंडईची पातळ पिशवी मात्र शेकड्यांनी गोळा केली तरी वजन भरत नाही, म्हणून तिला कोणी हात लावीत नाही. त्यातच आपण तिच्यात खरकटे भरून गाठ मारतो. मग आतील सालींचे खत होत नाही, बाहेरच्या पिशवीस मोल राहत नाही, आणि अन्नाच्या वासाने आलेली गाय गाठीसकट ती गिळते. ती पिशवी तिच्या पोटातून पुढे सरकत नाही, साचत जाते.

ती गाठ अखेर एक स्त्री सोडते. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या व वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातील आहेत. १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही त्यांची संघटना झाली आणि पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. आपण येथे ज्ञातीच्या नावाने जमलो आहोत, म्हणूनच हे बोलणे मला अवश्य वाटते. आपल्या घरचे ओले-सुके एकत्र झाले म्हणजे ते वेगळे करण्याचे काम आपोआप दुसऱ्या ज्ञातीच्या हातांवर जाते, आणि याचा आपल्याला विचारही शिवत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी हे वर्गीकरणाचे कर्तव्य घरावरच टाकले होते. दोन टोपल्या ठेवण्यास लागते किती?

भगिनींना एक बारीकशी गोष्ट सांगतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये, लोंबता ठेवावा. तुटलेला तो तुकडा इतका लहान असतो की तो वेचला जात नाही. थेट गटारात जातो. आणि वाड्यांतून अजूनही पाण्याचा बंब पेटविण्यास पिशव्या घालतात, तेही बंद व्हावे. त्या धुराने घरातील लेकरांचाच घसा धरतो.

आता आपल्या पंक्तीविषयी. थर्माकोलची ताटे राज्यात २०१८ सालीच बंद झाली, प्लॅस्टिकची ताटे, पेले व चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर. त्यांच्या जागी रुपेरी कागदी द्रोण आले. ते कागदाचे म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु त्या चकाकीत प्लॅस्टिकचाच पातळ पापुद्रा असतो. पळसाच्या पानांचे द्रोण व पत्रावळी आपल्या वडीलधाऱ्यांच्या लग्नांत होत्याच की!

म्हणून एक सूचना सभेपुढे ठेवतो. मंडळाने देणग्यांतून स्टीलची दोनशे ताटे, वाट्या व पेले घ्यावेत, आणि ज्ञातीतील कार्यांस ते नाममात्र भाड्याने द्यावेत. भांडी घासणाऱ्यांची मजुरी यजमानाने द्यावी, त्यात कुचराई नको. तसेच मंडईतील ज्ञातिबंधूंच्या गाळ्यांवर मंडळाच्या नावाच्या कापडी पिशव्या ठेवाव्यात. अनामत घ्यावी, पिशवी परत आली की पैसे परत करावेत. हिशेबाचे काम मी पाहीन. शाळेत सहलीच्या वर्गणीचे हिशेब पुष्कळ केले आहेत. कार्यकारी मंडळाने पुढील बैठकीत याचा विचार करावा, अशी विनंती करून, भोजनाची वेळ झालेली असल्याने, मी आपली रजा घेतो.