मैदानावरील भोवळ



आमचा व्यवसाय फायलींचा, वैद्यकाचा नव्हे. तथापि ज्यांची मुले मैदानावर खेळतात त्यांच्यापुढे एक गोष्ट मांडावी, असे आम्हांस वाटते.

तरुण मुलाला भोवळ आली की आपण नाकाशी कांदा धरतो, साखरपाणी पाजतो आणि ‘उपाशी असेल’ म्हणून विषय मिटवितो. बहुतेक वेळा ते खपूनही जाते. प्रार्थनेच्या रांगेत फार वेळ उभे राहून किंवा रक्त पाहून येणारी घेरी बहुधा निरुपद्रवी असते. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मेंदूला रक्त कमी पडते; आडवे होताच शुद्ध येते. आधी घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी अशी सूचनाही मिळते.

परंतु ऐन धावताना, काही कळण्यापूर्वीच जो कोसळतो, त्याची गोष्ट निराळी. शर्यत संपल्यावर उभ्या उभ्या आलेली भोवळ आणि शर्यतीच्या मध्यावर आलेली भोवळ ह्यांत मोठे अंतर आहे. दुसरीत हृदयाचा संशय प्रथम घ्यावा लागतो. २६ जून २००३ रोजी फ्रान्समधील लिआँ येथे कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फो भर सामन्यात कोसळला व दगावला. त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालेला आढळला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनला डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच पडला. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याला वाचविण्यात आले. इटलीने तर १९८२ पासून स्पर्धक खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची केली आहे.

अशा मुलाचा ईसीजी काढतात, हृदयाची सोनोग्राफी करतात. पण त्याआधी डॉक्टर विचारतात : घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले होते काय? येथे आम्ही परप्रांतातली मराठी माणसे अडखळतो. आजोबांचा धाकटा भाऊ पट्टीचा पोहणारा असून विहिरीत बुडाला, गावाने ‘आसरांनी ओढला’ म्हटले, हे इकडे जन्मलेल्या नातवाच्या कानी कोठून येणार? काही आनुवंशिक विकारांत हृदयाची रचना निर्दोष असते, पण त्याच्या विजेत खोट असते, आणि पोहण्याच्या श्रमाने ठोका बिघडून असे मृत्यू घडतात.

म्हणून गावी जाल तेव्हा आत्या, चुलत्यांना हे अवश्य विचारावे, नावे व वये टिपून घ्यावीत. आणि मूल खेळताना पडले असेल तर तो कागद व ईसीजी डॉक्टरांनी पाहीपर्यंत त्याला मैदानावर पाठवू नये, मग अंतिम सामना का असेना.