'उस्तेद' : अहो-जाहोतली सलगी



पत्रिकेत विषय 'स्पॅनिशमधला एक शब्द' असा छापलाय. फुकटात स्पॅनिश शिकायला मिळेल म्हणून जे आले असतील, त्यांनी पंख्याखालच्या खुर्च्या इतरांना द्याव्यात. (हशा)

शब्द आहे 'उस्तेद'. कोशात अर्थ सापडेल, 'आपण' किंवा 'तुम्ही'. 'तू'ला तिकडेही 'तू'च म्हणतात, तेवढे कष्ट वाचले. क्लासमध्ये पहिल्या दिवशी सांगतात, जवळच्याला 'तू', परक्याला 'उस्तेद'. माझं भांडण या वाक्याशी आहे. अहो-जाहो केलं की माणूस लांब गेला, हे मला मुळीच मान्य नाही.

स्पेनच्या साम्राज्याबरोबर ही भाषा अमेरिकेत पोचली, तो इतिहास सोडतो. 'उस्तेद' मूळचा 'वेस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा'. झिजत झिजत 'उस्तेद' उरला. क्रियापद मात्र अजून तृतीयपुरुषी लागतं, कारण 'बसा' म्हटलं तरी बसते ती 'कृपा', तुम्ही नाही! पोर्तुगीजांचं 'व्होसे' याच घराण्यातलं, गोव्याकडच्या मंडळींच्या कानावर असेल.

या मानाची हाव पाहायची तर 'लाझारिलो दे तोर्मेस' ही 1554ची छोटी स्पॅनिश कादंबरी वाचा. सगळी कादंबरी एका 'वेस्त्रा मेर्सेद'ला लिहिलेलं पत्र आहे. त्यात लाझारिलो हा पोऱ्या तोलेदोत एका सरदारी थाटाच्या माणसाकडे नोकरीला राहतो. कमरेला तलवार, चालण्यात डौल, घरात मात्र अन्नाचा कण नाही. पोऱ्या भीक मागून पाव आणि गाईचा खूर आणतो, आणि मालक त्या खुराची तोंड भरून तारीफ करत त्यावरच ताव मारतो. मग दारात उभा राहून गवताच्या काडीने दात कोरतो, येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, पंगत उठली! (हशा) हा गाव सोडून आला का? तर शेजारच्या बड्या माणसाला आधी टोपी काढायची नव्हती म्हणून. एक कारागीर त्याला भेटला की 'देव आपलं भलं करो' म्हणायचा. त्यावरही हा खवळला. हे काय कुणालाही म्हणायचं? मला 'आपल्या हातांचं चुंबन घेतो' म्हणायला हवं! शेवटी घरभाडं मागायला माणसं आली, तेव्हा स्वारी नाणं मोडून आणतो म्हणून गेली ती गेलीच. नोकर मालकाला सोडून पळतो हे आपण ऐकलंय. इथे मालकच पळाला.

चिटणीसांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं.

हा मानाचा सोस इतका बोकाळला, की 1586 साली स्पेनच्या राजाने, दुसऱ्या फिलिपने, कोणाला काय म्हणावं याचा हुकूमच काढला. आणि 1936 साली, स्पेनच्या यादवी युद्धात, क्रांतीच्या बार्सिलोनात 'उस्तेद' हद्दपार, सगळे 'तू' आणि 'कॉम्रेड'. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने ते टिपून ठेवलंय. गंमत म्हणजे पलीकडचे फालान्हेवाले, म्हणजे फॅसिस्ट पक्षाचे लोकही, आपसांत 'तू' आणि 'कॉम्रेड'च म्हणत. गोळ्या मात्र दोन्हीकडून सुटल्या. 'तू' म्हटल्याने जवळीक येत असती तर...

काय म्हणालात बाई? 'आमचे हे आम्हाला अगं म्हणतात, त्याचं काय?' (हशा, टाळ्या) हरकत रास्त आहे. आपलं 'अहो' एकाच दिशेने वाहतं. मी काही मराठी नवऱ्यांचं वकीलपत्र घेऊन आलेलो नाही. घरी जायचंय मला. (हशा) पण म्हणूनच स्पॅनिश बोलणाऱ्या कोलंबियात चला. तिथल्या राजधानीत, बोगोतात, दोघे भाऊ एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, जिवलग दोस्त म्हणतात, कित्येक घरांत नवरा-बायको दोघंही. बँकेतल्या साहेबालाही तेच 'उस्तेद'. शब्द एकच, सलगी की अदब, ते सुरावरून कळतं. कोस्टारिकात तर कुत्र्यालाही 'उस्तेद' म्हणतात.

बोगोताच्या वर बोयाका प्रांत आहे. बटाट्याचा मुलूख, कडाक्याची थंडी, अंगावर लोकरीचा 'रुआना'. तिथे 'सुमेर्से' चालतं, तीच जुनी 'मेर्सेद'. बटाटेवाली गिऱ्हाइकाला 'सुमेर्से' म्हणते, आजी मांडीवरच्या नातवाला म्हणते. ज्यासाठी तो तोलेदोचा उपाशी सरदार गाव सोडून आला, तो मान इथे दुपट्यातल्या पोराला मिळतो. यात दुरावा कुठे आहे, दाखवा मला!

चिटणीस आता उभेच राहिलेत. अर्जेंटिना राहिला. तिथलं 'व्होस' एके काळी बड्या लोकांसाठी होतं. आज ब्वेनोस आयरेसच्या रस्त्यावर तेच अरे-तुरे आहे. जवळीक झाली तसा मान उडाला, म्हणजे व्याख्यात्याचं म्हणणं खोटं, असं कोणी म्हणेल. त्यांनी मला बाहेर चहाच्या टेबलाशी गाठावं. इथे वेळ संपलाय. (हशा, टाळ्या)