चौकटींतील धर्माधिकारी



ह्या महोत्सवानिमित्त आपल्या सभागृहांत बिशपमहाराजांचें पुरुषभर उंचीचें तैलचित्र लावावें, अशी सूचना स्वारगेटकडील मंडळींनीं केली आहे. सूचना प्रेमाची आहे खरी. परंतु असलें चित्र भिंतीवरून पाहणाऱ्यास काय सांगत असतें, ह्याचा विचार आधीं व्हावा.

जुन्या गोव्यांत संत फ्रान्सिस यांच्या मठांतील संग्रहालयांत पोर्तुगीज अधिपतींचीं चित्रें जतन केलेलीं आहेत. जुवांव द कास्त्रू यांनीं ही परंपरा १५४७ सालीं सुरू केली. उभी आकृति, कुलचिन्ह, नांवाचा लेख. येणाऱ्यानें मान वर करूनच पाहावें, अशी सारी रचना. ह्या अधिपतींत आर्चबिशप आलेशू द मेनेझिस हेही होते. १६०७ ते १६०९ पर्यंत राज्यकारभार त्यांच्याच हातीं होता. त्याआधीं १५९९ सालीं उदयंपेरूरच्या धर्मसभेंत त्यांनीं केरळांतील थोमा-ख्रिस्ती बांधवांचे कित्येक सुरयानी ग्रंथ सदोष ठरवून नष्ट करविले. त्या अग्नीचा धूर असल्या चित्रांत उमटत नाहीं. दरबारी चित्र पदाची साक्ष देतें. पदाखालीं कोण दुखावलें, हें सांगणें त्याचें काम नव्हे.

थोर चित्रकार मात्र हा शिरस्ता मोडतो. राफाएलनें १५११-१२ च्या सुमारास दुसरे ज्यूलियस ह्या पोपमहाराजांना खुर्चींत बसविलें. लाल वस्त्र आहे, अंगठ्या आहेत. पण बोलोन्या शहर गमावल्याच्या दुःखानें राखलेली दाढी आणि खालीं वळलेली नजर पाहिली म्हणजे एक थकलेला वृद्धच समोर दिसतो. वेलास्केथनें १६५० सालीं दहावे इनोसेंट रंगविले. त्यांची ती रोखलेली संशयी दृष्टि पाहून अर्जदाराचे पाय लटपटावेत! हातांतील कागदावर मात्र चित्रकाराचें स्वतःचें नांव आहे. हा धीटपणा मला फार आवडतो.

आणि आपल्या पुण्यांतच, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत, शांतिनिकेतनांत शिकलेले आंजेलो द फोन्सेका वर्षानुवर्षें चित्रें काढीत राहिले. ते १९६७ सालीं निवर्तले. त्यांची पवित्र मरिया साडी नेसते. गोव्यांतील पुष्कळांना तें रुचलें नाहीं, कारण त्यांत दरबार नव्हता.

तेव्हां मंडळींना माझें सांगणें असें: चित्र करावयाचेंच तर बिशपमहाराज आजाऱ्याच्या खाटेशीं बसलेले काढवून घ्या, आणि तें डोळ्यांच्या उंचीवर, दाराजवळ लावा. वर्गणीचा पहिला रुपया मात्र सभागृहाच्या गळक्या छपरास.