इंजिनाचा श्वास

घरातील चहाची गाळणी फाटली, तर ते पहिल्याच कपाला कळते. मोटारीच्या इंजिनातील हवेची गाळणी फाटली, तर मालकाला ते कित्येक महिन्यांनी कळते. आणि तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेलेले असते. या दुसऱ्या गाळणीविषयी, म्हणजे एअर फिल्टरविषयी, आज मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे. मी काही यंत्रज्ञ नव्हे. साधा शाळामास्तर आहे. परंतु हा धडा मी पदरमोड करून शिकलो आहे, म्हणून तो सांगण्याचे धाडस करतो.

आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीचा डांबरी रस्ता सोडून आत वळले, की वाड्यावस्त्यांच्या वाटा तांबड्या मातीच्या. पावसाळ्यात चिखल आणि माघ-फाल्गुनापासून धूळ. अशा वाटांना चारही चाकांना जोर पुरविणारी गाडीच हवी. म्हणून मी एक जुनी डिझेल जीप घेतली. शाळेला जाणे-येणे आणि वाडीत कोणी आजारी पडल्यास त्यास तालुक्याच्या दवाखान्यात पोचविणे, ही तिची कामे.

आता या गाळणीचे महत्त्व पाहा. एक लिटर डिझेल जळण्यास निदान १०,००० लिटर हवा लागते. म्हणजे आपली गाडी तेलापेक्षा हवाच अधिक पिते! त्या हवेबरोबर धूळ येते, आणि धुळीत गारेचे कण असतात. ते लोखंडाहून कठीण. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. इंजिनाला सर्वांत घातक कण ५ ते २० मायक्रॉनचे, डोळ्यांस न दिसणारे. सिलिंडर आणि दट्ट्याच्या रिंगा यांमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्यात शिरून ते कानशीप्रमाणे धातू घासतात.

एका उन्हाळ्यात मला स्वच्छतेचे वेड लागले. दर आठवड्यास मी पंक्चरच्या दुकानी जाई, गाळणीचा कागद हवेच्या नळीसमोर अगदी जवळ धरी आणि पूर्ण जोराने फुंकवून घेई. कागद नव्यासारखा दिसे, आणि मला मोठे समाधान वाटे. पावसाळा लागला तेव्हा इंजिन तेल खाऊ लागले, सकाळी निळसर धूर येऊ लागला. मी म्हटले, गाडी म्हातारी झाली.

आषाढातल्या एका रात्री वाडीतून निरोप आला: बाळंतीण अडली आहे. मी किल्ली फिरविली. इंजिन घरघरले, पण पेटले नाही. अखेर चौघांनी त्या बाईस खाटेवरून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. तेथे दुसरी गाडी मिळाली. आई आणि मूल दोघेही सुखरूप राहिली. पण पावसात कंदील धरून त्या खाटेमागून मी चाललो, ती वाट मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री आला. त्याने गाळणीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी सोडविली आणि म्हणाला, "मास्तर, आत बोट फिरवून बघा." बोट तांबडे झाले. मग त्याने गाळणीच्या पोकळीत पेटता दिवा धरला. कागदात सुईच्या अग्राएवढी छिद्रे चांदण्यांसारखी चमकली. "ही गाळणी राहिली नाही, तिची चाळण झाली," तो म्हणाला. डिझेल इंजिन ठिणगीने नव्हे, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते. रिंगा झिजल्या, दाब गेला, आणि दाबाबरोबर पेटही गेली. गाळणी शेकड्यांत मिळते; माझ्या इंजिनाचे काम निघाले ते हजारांच्या घरात गेले.

तेव्हा, श्रोतेहो, माझ्या चुकीवरून काही गोष्टी ध्यानात ठेवा. गाळणी उगीच वरचेवर उघडू नका. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर बारीक कण अडविण्यास मदतच करतो. गाडीचा जोर कमी झाला, काळा धूर येऊ लागला किंवा पुस्तिकेत दिलेली मुदत भरली, म्हणजे उघडा. मात्र धुळीच्या मुलुखात ती मुदत निम्मीच धरा. हवा मारावयाची तर दाब ३० पौंडांच्या आत, नळी दूर, आणि झोत आतून बाहेर. कागद पाण्याने वा पेट्रोलने धुऊ नका. दिवा धरून छिद्रे पाहा. एक जरी दिसले तरी गाळणी टाकून द्या. नवी बसविण्यापूर्वी डबा ओल्या फडक्याने पुसा. पुसताना इंजिनाकडील तोंडात धूळ पडू देऊ नका. रबरी कड नीट बसली आहे ना, नळीच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, हेही पाहा; कारण फटीतून येणारी हवा गाळणीला विचारीत नाही.

आपल्या देशात जुळविल्या गेलेल्या विलीस जीपच्या वंशातील जुन्या गाड्यांत कागदाऐवजी तेलाची गाळणी असते. तिच्या तळाशी गाळ साचला की भांडे धुऊन नवे तेल भरा, पण खुणेपर्यंतच. अधिक भरल्यास ते तेल इंजिनात ओढले जाते.

आणखी एक. ओढा ओलांडताना गाळणीच्या डब्यात पाणी शिरल्याची शंका आली, तर इंजिन बंद करा आणि तपासल्यावाचून पुन्हा चालू करू नका. पाणी दाबले जात नाही. त्यापायी इंजिनातील दांडे वाकतात.

आता माझ्या जीपच्या आसनाखाली एक नवी गाळणी पिशवीत बांधून ठेवलेली असते, आणि बदलल्याची तारीख मी डब्याच्या झाकणावर लिहितो. रात्री-अपरात्री निरोप येतो, तेव्हा किल्ली फिरविताना हात कापत नाही. आपल्याही दारी अशी गाडी असेल, तर येत्या रविवारी गाळणीमागील नळी सोडवून आत एकदा बोट फिरवून पाहा, एवढीच विनंती.