कमाई महिन्याची, अट वर्षाची

हल्ली कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं, की बचत, हप्ता, कर्ज सगळं झाल्यावर कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, लाडक्या बहिणीचे पैसे परत मागतील का हो?" विचारणारी स्वतःचं नाव घेत नाही. "आमच्या शेजारणीचं आहे," म्हणते. आज मी त्या शेजारणीसाठी बोलणार आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या जुलैपासून सुरू झाली. महिन्याला १५०० रुपये. अट अशी, की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. वार्षिक हा शब्द नीट ऐका. आपल्या घरात पैसा वर्षाने येत नाही, पगारासारखा महिन्यानेही येत नाही. कांदा विकला त्या महिन्यात हातात साठ हजार, पुढचे तीन महिने किराणा उधारीवर. मग साठ हजार खात्यावर दिसले की बाई घाबरते, आता आपण अटीच्या बाहेर गेलो. एका महिन्यावरून कुणी बाहेर जात नाही. हिशोब एप्रिल ते मार्च असा पूर्ण वर्षाचा असतो, आणि तो एकट्या तुमचा नसतो, कुटुंबाचा असतो. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं.

एक घर धरू. बाईच्या शेळ्यांचे वर्षाला वीस हजार. नवऱ्याची मजुरी, कधी आहे कधी नाही, वर्षाकाठी पंचावन्न हजार. लग्न न झालेला मुलगा चाकणला कंपनीत, महिना चौदा हजार, म्हणजे वर्षाचे एक लाख अडुसष्ट हजार. बेरीज दोन लाख त्रेचाळीस हजार. अटीच्या आत. पुढच्या वर्षी मुलाचा पगार सोळा हजार झाला, बाकी सगळं तेवढंच राहिलं, तर बेरीज होते दोन लाख सदुसष्ट हजार. घरात काही मोठं घडलं नाही, पत्रा बदलून स्लॅब पडला नाही, पण अट ओलांडली गेली. हे त्या बाईला कळतं का? मुलगा घरी किती पाठवतो ते तिला माहीत असतं, किती कमावतो ते नाही. म्हणून पोराला सरळ विचारायचं. पोरं चिडतात, चिडू द्या.

आता काय मोजायचं नाही ते सांगते, कारण इथे जास्त गोंधळ आहे. गटाचं कर्ज खात्यावर आलं, ते उत्पन्न नाही. ते फेडायचं आहे. स्वतःची बचत काढली, तेही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनो, उचल ही आगाऊ घेतलेली मजुरी आहे. उचल वेगळी आणि तोडणीची मजुरी वेगळी, असं दोनदा मोजू नका. शेतमालाची पट्टी जपून ठेवा, पण तिच्या जोडीला बियाणं, खत, औषध, गाडीभाडं यांच्या पावत्याही ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे जाल (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), तेव्हा दोन्ही समोर ठेवा. नुसती पट्टी दाखवली तर नुसती पट्टीच दिसणार.

केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड असणाऱ्यांकडून दाखला मागितला नव्हता. त्यामुळे बऱ्याच जणींना वाटतं आपल्याला अटच नाही. दाखल्याची सूट होती, अटीची नव्हती.

जास्तीचे पैसे येण्याची कारणं उत्पन्नाशिवायही आहेत. निराधारचे १५०० चालू असताना लाडक्या बहिणीचेही आले. घरातल्या कुणाच्या नावावर चारचाकी आहे. ट्रॅक्टर यात धरत नाहीत. घरातलं कुणी आयकर भरतं. यात एक बारीक गोष्ट आहे. रिटर्न भरणं आणि कर भरणं एक नव्हे. गाडीच्या कर्जासाठी पोरं रिटर्न भरतात, कर शून्य असतो. तसं असेल तर त्या रिटर्नची प्रत घरात ठेवा. पीएम किसानमध्येही आयकर भरणाऱ्याला लाभ नाही, आणि त्यावरून आपल्या राज्यात तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा गेलेल्या आहेत. ज्यांना पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला बारा हजार मिळतात, त्यांना लाडक्या बहिणीचे पाचशेच येतात. ती वसुली नाही, कपातही नाही. तिकडचे महिना हजार धरून वरचा फरक देतात, एवढंच.

आता मला टोचणारी गोष्ट. या भीतीने बाया गटाच्या नोंदीत कमाई लपवायला लागल्या आहेत. पापड विकते, शिवणकाम करते, दोन म्हशी आहेत, आणि उत्पन्नाच्या रकान्यात लिहायला सांगते 'काही नाही'. लखपती दीदीची माहिती भरताना तर हात आखडतोच. अगं, लखपती दीदी म्हणजे घराचं वर्षाचं उत्पन्न एक लाख किंवा त्याहून जास्त. अट अडीच लाखांची आहे. एक लाख लिहिल्याने काहीही बंद होत नाही. उलट बँकेत मोठं कर्ज मागायला गेलो की तो साहेब गटाचीच कागदं बघतो. 'काही नाही'वाल्या बाईला तो काय देणार? पंधराशेच्या भीतीने दीड लाखाच्या कर्जावर पाणी सोडायचं, हा व्यवहार मला पटत नाही.

आणि खरंच जास्तीचे पैसे आले असतील तर? फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे पाच लाख महिला अपात्र ठरल्या, तेव्हा आधी जमा झालेले पैसे परत घेणार नाही असं मंत्र्यांनी सांगितलं होतं. पण ते त्या वेळचं सांगणं. त्याच्या भरवशावर पुढचे हप्ते घेत राहू नका. कळलं त्या दिवशी साधा अर्ज लिहा: अमुक तारखेपासून आमची परिस्थिती बदलली, माझा लाभ तपासावा. लाडक्या बहिणीचा अर्ज अंगणवाडी ताईंमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे, निराधार आणि पीएम किसानचा तहसीलला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका. त्यानंतरही पैसे येत राहिले तर शक्यतो हात लावू नका, खात्यावरच राहू द्या. उद्या कुणी विचारलं तर तो शिक्का बोलेल.

नोटीस आली तर घाबरून सोनं गहाण टाकायला पळायचं नाही. आधी वाचायची, किंवा वाचून घ्यायची. कुठली योजना, कोणते महिने, किती रक्कम, कारण काय. मग पासबुक घेऊन एकेक हप्ता ताडून बघायचा. जे महिने अटीच्या आत होते तेही मोजले असतील तर तसं लेखी कळवायचं, दिलेल्या मुदतीच्या आत. देणं बरोबर असेल आणि एकदम जमत नसेल तर हप्ते बांधून मागायचे, तेही अर्जातच. बाई म्हणून आपल्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच ते लिहिलेलं आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० वर फोन करा.

पैसे परत करायचे ते चलनाने, नाहीतर तहसीलमध्ये सांगतील त्या सरकारी खात्यात, आणि पावती घेऊन. पीएम किसानचे परत करायची सोय त्यांच्या संकेतस्थळावर आहे, सेतूवाला करून देईल. घरी येऊन "दोन हजार द्या, नाव मिटवतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा देऊ नका. फोनवर ओटीपी मागणाऱ्यालाही नाही. खरी नोटीस कागदावर येते, तिच्यावर कार्यालयाचं नाव आणि जावक क्रमांक असतो.

एक काम सगळ्यांनी करा. दोनशे पानी वहीत घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसासाठी एक पान, त्यावर बारा ओळी, एप्रिल ते मार्च. ज्या महिन्यात काही आलं नाही तिथे शून्य लिहा, ओळ मोकळी सोडू नका, कारण त्या शून्यांनीच वर्षाची बेरीज खरी होते. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहून घ्या. पुढच्या महिन्यात बैठकीला येईन तेव्हा या वह्या घेऊन बसा, आपण एकत्र बेरीज करू. शेजारणीलाही आणा.