राज्य कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. मी राजकारणावर काय बोलणार, असे कोणी म्हणेल. पण आपल्या बीडने १९६७ साली ज्यांना लोकसभेत निवडून पाठविले, त्या क्रांतिसिंह नाना पाटलांविषयी चार शब्द सांगावेसे वाटतात.

नाना मूळचे येडेमच्छिंद्रचे. जन्म १९०० सालचा. तलाठ्याची नोकरी सोडून ते १९३० साली स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. बेचाळीसच्या चळवळीनंतर सातारा भागात त्यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. पायाला पत्र्या ठोकल्याच्या गोष्टी पुरुषमंडळी अजून चवीने सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती न्यायदान मंडळांची गोष्ट. गावचे तंटे गावातच मिटवावयाचे, सावकाराच्या जाचातून गरिबाला सोडवावयाचे, दारू बंद करावयाची, लग्ने थोडक्या खर्चात लावावयाची. नवऱ्याने टाकलेल्या बाईचेही गाऱ्हाणे तेथे ऐकले जाई. इंग्रज अजून गेलेला नव्हता. तरी गावे आपला कारभार आपण पाहू लागली होती. सत्ता वरून कोणी देईल म्हणून वाट पाहावयाची नसते, चार माणसांनी मिळून जबाबदारी घेतली की ती तेथेच उभी राहते, असा त्याचा अर्थ मी समजते.

आपल्या भागावर तेव्हा निजामाचा अंमल होता. १९४८ च्या सप्टेंबरात तो संपला. पुढे मताचा हक्क आला. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. नानांच्या माणसांना जे जिवावर उदार होऊन करावे लागले, ते आपल्याला कायद्याने घरबसल्या मिळाले. पण घरबसल्या मिळालेले घरीच बसून राहते, हे आपण पाहतोच. पुष्कळ गावांत सरपंच बाई असते आणि खुर्चीवर तिचे मालक बसतात. ग्रामसभेचे रजिस्टर सहीसाठी घरी येते. पिठाच्या हाताने बाई सही करते आणि पुन्हा भाकरी थापू लागते. कशावर सही केली, ते तिला ठाऊक नसते. याला लोकांचे राज्य कसे म्हणावे?

भगिनींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी असा कायदा आहे. गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर दारूचे दुकान बंद होते, हाही नियम आहे. हे हक्क वापरले नाहीत, तर असून नसल्यासारखे.

म्हणून माझी मंडळाला एवढीच विनंती आहे. पुढच्या महिला सभेला आपण सर्वजणी मिळून जाऊ. जिला वाचता येते तिने ठराव मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, शंका विचारावी आणि मगच सही अगर अंगठा करावा. त्या दिवशी भाकरीला तासभर उशीर झाला, तर घरच्यांनी सोसावा.