यीस्टच्या जनुकांतले इंट्रॉन

पाव फुगवणारं यीस्ट हा एकपेशीय जीव. त्याच्याकडे जनुकं सुमारे 6,000. जनुकावरून आरएनएची प्रत निघते, पण काही प्रतींत मधेच असा भाग येतो, ज्यापासून प्रथिन बनत नाही. हा इंट्रॉन. पेशी तो कापून काढते आणि उरलेले तुकडे सांधते. हेच स्प्लायसिंग.

माणसाच्या बहुतेक जनुकांत इंट्रॉन असतात. यीस्टमध्ये मात्र जेमतेम 300. म्हणून ते गौण ठरतात का? मुळीच नाही. त्यांतले बरेचसे रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, प्रथिनांच्या जनुकांत एकवटले आहेत. ही जनुकं इतकी जोमानं चालतात, की वाढत्या पेशीतल्या संदेशवाहक आरएनएपैकी पाव हिस्सा तरी स्प्लायसिंगमधून गेलेला असतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतं ते एल30 हे प्रथिन. रायबोसोमला लागतं त्याहून ते जास्त झालं, की स्वतःच्याच आरएनए प्रतीला चिकटतं आणि तिचं स्प्लायसिंग अडवतं. नवं उत्पादन तिथेच मंदावतं. मर1 नावाचं प्रथिन तर फक्त अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी तयार होतं. त्याच्या मदतीशिवाय काही जनुकांचे इंट्रॉन नीट निघतच नाहीत.

2019 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या गटांचे दोन शोधनिबंध आले. इंट्रॉन काढून टाकलेल्या पेशी उपासमारीत मागे पडल्या, मूळच्या तगल्या. शिवाय वाढ खुंटलेल्या पेशींत कापलेले काही इंट्रॉन नष्ट न होता साठून राहतात आणि पेशीची वाढ आवरायला मदत करतात, असंही दिसलं.